अमेरिका, जर्मनी, जपान, चीन अन् आपण: धंद्याला पैसा कोण देते अन् बुडाला तर कोणाचा बुडते

टीव्हीवर सकाळी खाली पट्टी फिरते, "अमेरिकेत घसरण, युरोप संमिश्र, आशियाई बाजार लाल", आपण ते ऐकतो, चहा संपवतो अन् वावरात निघतो. पण त्या पट्टीमुळे एक लय मोठा गैरसमज गावोगावी पसरला आहे, की जगात सगळीकडे शेअर बाजार एकाच पद्धतीनं चालतो, फरक असेल तर लहान-मोठ्याचा. तसं अजिबात नाही. तेजी-मंदीच्या आकड्यावरून कोणत्याच देशाचा बाजार समजत नाही. दोन गोष्टी विचारा, तिथल्या धंद्याला पैसा देते कोण, अन् धंदा बुडाला तर नुकसान कोणाच्या खिशातून जाते. या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक देशात वेगळी आहेत अन् बाकी सगळं त्यातूनच निघते.

एक उदाहरण धरून चालू. वाशिम जिल्ह्यात कोणाला तरी दाल मिल टाकायची आहे अन् दोन कोटी लागतात. पैसा आणायचे रस्ते दोनच, कर्ज नाहीतर भागीदारी. कर्ज घेतलं तर मिल चालो का न चालो, व्याज द्याच लागते. भागीदारी दिली तर नफा वाटून घ्यायचा अन् तोटाही वाटून घ्यायचा, शेअर म्हणजे हीच भागीदारी, फक्त बारीक तुकडे करून विकलेली. कर्जातही परत दोन वाटा आहेत, बँकेकडून घ्या किंवा बँकेला बाजूला ठेवून हजारो लोकांकडून थेट घ्या, म्हणजे रोखे काढा, ज्याला सगळे बॉन्ड म्हणतात. ज्या देशात हे थेटवालं काम जास्त चालते तिथं भांडवल बाजार मोठा, अन् जिथं सगळं बँकेतून होते तिथं लहान. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सोपं आहे.

अजून एक गोष्ट आधीच साफ करतो, कारण पोरं मला हमेशा विचारतात, "दादा, मी शेअर घेतला त माया पैसा त्या कंपनीले गेला न?" नाही गेला बाप्पा. कंपनी पहिल्यांदा शेअर विकते, म्हणजे आयपीओ काढते, त्यातही ती नवीन शेअर काढत असेल तरच पैसा कंपनीत जातो. त्यानंतर रोज जे चालते ते एका माणसानं दुसऱ्याला विकणं आहे, कंपनीच्या खात्यात त्यातला एक रुपया येत नाही. मग या रोजच्या विक्रीचा उपयोग काय? उपयोग असा की उद्या गरज पडली तर आपल्याला हा तुकडा विकता येईल याची खात्री असली तरच माणूस आज दाल मिलमध्ये पैसा टाकते. निघायचा रस्ता नसेल तर आत कोण शिरेल.

आता अमेरिका. तिकडेही मिल लहान आहे तोपर्यंत मालक बँकेतच जातो, हे मुद्दाम सांगतो कारण काही लोकांना वाटते तिकडे पानठेलेवालाही शेअर काढतो. फरक पडते धंदा मोठा झाल्यावर. तिथल्या मोठ्या कंपन्या कर्जाचा मोठा हिस्सा थेट बाजारात रोखे विकून उभा करतात अन् बँकेकडून कमी घेतात, युरोपात हेच प्रमाण जवळपास उलटं आहे. रोखे घेतात पेन्शन फंड, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड. अन् त्यांच्याकडे पैसा येतो नोकरदाराच्या पगारातून. १९७८ च्या एका कर कायद्यातून ४०१-के नावाची सोय निघाली, पगारातून रक्कम कटून फंडात जाते अन् म्हातारपणी मिळते, त्यामुळे कधी शेअर बाजाराचं नावही न काढणारा ट्रक ड्रायव्हर तिकडे बाजारात असतो. १९७९ मध्ये पेन्शन फंडांना अजून एक मोकळीक मिळाली, थोडा पैसा नवख्या, जोखमीच्या कंपन्यांत टाकायची. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर कंपन्यांना जे भांडवल मिळालं त्यात या पैशाचा हात मोठा आहे. म्हणजे शिक्षकाच्या, पोलिसाच्या पेन्शनचा एक तुकडा गॅरेजमधल्या पोरांना गेला, बहुतेक बुडाला, अन् जो नाही बुडाला तो एवढा वाढला की सगळं भरून निघालं.

सरकारचं काम तिथं काय? १९२९ ला बाजार कोसळला, लोक देशोधडीला लागले, त्यावर १९३३ अन् १९३४ मध्ये दोन कायदे झाले अन् एसईसी नावाची संस्था आली. या कायद्यांचा गाभा असा की धंदा चांगला का वाईट हे सरकार सांगणार नाही, पण धंदेवाल्यानं सगळं उघड लिहून दिलंच पाहिजे अन् त्यात खोटं सापडलं तर सुट्टी नाही. कमाई, कर्ज, कोर्टातल्या केसेस, मालकाचा पगार, सगळं कागदावर. ते वाचून घ्यायचं का नाही हे घेणाऱ्यानं ठरवायचं.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत बँक घरकर्ज देते पण बहुतेक वेळा ते स्वतःजवळ ठेवत नाही, पुढे विकते. फॅनी मे नावाची संस्था १९३८ पासून असली कर्जं विकत घेत आली, म्हणूनच तिकडच्या साध्या माणसाला तीस वर्षं एकाच व्याजदरानं घरकर्ज मिळते, जे आपल्याकडे अजूनही सहजासहजी मिळत नाही. पण ज्यानं कर्ज दिलं त्याला वसुलीची चिंता उरली नाही की तो कोणालाही देते. तसंच झालं, फेडायची ऐपत नसलेल्यांना कर्जं दिली, त्यांच्या गड्ड्या बांधून जगभर विकल्या, अन् १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्सनं हात वर केले. गंमत नाही, खरंच सांगतो, त्याच्या वर्षभर आधीच २००७ मध्ये जर्मनीतली आयकेबी नावाची बँक या अमेरिकन गड्ड्यांपायी वाचवावी लागली होती. घर फ्लोरिडातलं, कर्ज बुडलं तिथं, अन् भोक पडलं जर्मनीतल्या बँकेला.

जर्मनी एकदम वेगळ्या मातीतला देश आहे, अन् आपल्या खेड्यातल्या माणसाला तो अमेरिकेपेक्षा लवकर समजते असं माझं मत आहे. तिथं धंदेवाल्याची एक घरची बँक असते, हाउसबँक म्हणतात. बाप तिथं जायचा, पोरगाही तिथंच जाते, मॅनेजरला मिल माहीत, मशीन माहीत, मागच्या मंदीत यानं कामगार काढले का सांभाळले हेही माहीत. गावोगावी स्पारकासे नावाच्या बचत बँका आहेत, तिथल्या नगरपालिका अन् जिल्ह्यांशी जोडलेल्या, अन् दुसऱ्या सहकारी बँका. त्या सहकारी बँकांची सुरुवात १८६० च्या दशकात राइफआयझेन नावाच्या एका खेड्यातल्या महापौरानं केली, कास्तकार सावकाराच्या व्याजात बुडत होते म्हणून. आपल्या देशात १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो याच राइफआयझेनच्या पद्धतीवर बेतला होता. आपल्या गावातली सेवा सहकारी सोसायटी, जिथून आपण पीक कर्ज उचलतो, तिचं मूळ तिकडे आहे.

या पद्धतीचा फायदा असा की वाईट वर्षात बँक लगेच हात काढून घेत नाही, कारण ती गिऱ्हाईकाला ओळखते अन् तिलाही त्याच गावात राहायचं असते. जर्मनीतले मशीनचे पार्ट बनवणारे हजारो मध्यम कारखाने, जे कधी शेअर बाजारात आलेच नाहीत, ते असेच उभे राहिले. तोटा कुठे दिसते? ज्याच्याकडे तारण ठेवायला ना जमीन ना मशीन, फक्त डोक्यात कल्पना, त्याला बँक विचारत नाही. बँक ठेवीदाराचा पैसा देते, तिला दहातले नऊ बुडवून चालत नाही. मग काय होते, तर कोरोनाची लस काढणारी बायोएनटेक ही माइन्झ शहरातली जर्मन कंपनी २०१९ मध्ये शेअर विकायला गेली ती न्यूयॉर्कच्या नॅस्डॅक या शेअर बाजारावर. स्वीडनमध्ये जन्मलेली स्पॉटिफाय २०१८ ला न्यूयॉर्कलाच लिस्ट झाली. कल्पना युरोपातल्या, नफ्याचे वाटेकरी अमेरिकेतले पेन्शनर.

अन् जर्मन माणूस स्वतः शेअर का घेत नाही, याला एक मोठं कारण झालेलं आहे. १९९६ मध्ये तिथल्या सरकारनं आपली टेलिफोन कंपनी, डॉइच टेलिकॉम, लोकांना शेअर विकून बाजारात आणली. टीव्हीवरचा लाडका नट मानफ्रेड क्रूग जाहिरातीत येऊन घ्या म्हणायचा, अन् ज्यांनी जन्मात शेअर पाहिला नव्हता त्यांनी रांगा लावून घेतले. सुरुवातीला भाव चढला. जून २००० मध्ये सरकारनं अजून शेअर विकले, साडेसहासष्ट युरोनं. दोन वर्षांत तो शेअर दहा युरोच्या खाली गेला. लाखो घरांची बचत गेली, केसेस झाल्या, अन् २००७ मध्ये त्या नटानं लोकांची जाहीर माफी मागितली. एक पिढी शेअरपासून लांब गेली ती गेलीच.

पण युरोप म्हणजे एकटा जर्मनी नाही. स्वीडनमध्ये पाहा, १९८४ पासूनच सरकारनं साध्या लोकांसाठी करसवलतीचे फंड आणले, २००० मध्ये पेन्शनचा एक भाग, पगाराचे अडीच टक्के, प्रत्येकानं स्वतः निवडलेल्या फंडात जायला लागला, अन् २०१२ मध्ये असं खातं आणलं की ज्यात प्रत्येक खरेदी-विक्रीचा हिशेब करात दाखवावा लागत नाही, खात्यातल्या एकूण रकमेवर ठरलेला कर वर्षातून एकदा भरायचा. आज तिथं नवी कंपनी शेअर काढते तेव्हा घ्यायला घरचे लोक हजर असतात. हे काम स्वीडिश लोक जास्त धाडसी आहेत म्हणून नाही झालं, तीस-चाळीस वर्षं एकाच दिशेनं नियम केले म्हणून झालं.

मग सगळ्या युरोपानं मिळून एकच मोठा बाजार का नाही केला? चलन तर बऱ्याच देशांनी एक केलं, १९९९ पासून. २०१५ पासून युरोपियन युनियन या एका बाजाराच्याच मागे लागली आहे. अडकते कुठे, तर देश सत्तावीस अन् दिवाळखोरीचे कायदेही सत्तावीस. पोर्तुगालच्या माणसानं फिनलंडच्या कंपनीचा रोखा घेतला अन् ती बुडाली, तर पहिला पैसा कामगाराला, बँकेला का रोखेवाल्याला, कोर्टात किती वर्षं, कर कुठं कापणार, हे देशागणिक बदलते. मारियो द्राघी, जे आधी युरोपच्या केंद्रीय बँकेचे प्रमुख होते, त्यांनी सप्टेंबर २०२४ च्या अहवालात हेच दुखणं मांडलं, की घरोघरची बचत भरपूर आहे पण ती धंद्यापर्यंत पोचत नाही. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटते की बाजार कॉम्प्युटरनं जोडून भागत नाही. बुडाल्यावर काय होईल हे आधी माहीत असलं तरच माणूस परक्या गावात पैसा लावते.

जपानचं थोडक्यात सांगतो. तिथंही बँकच राजा, अन् वर कंपन्यांनी एकमेकांचे शेअर धरून ठेवायची पद्धत, मी तुझे ठेवतो तू माझे ठेव, म्हणजे बाहेरचा कोणी येऊन कंपनी हिसकावणार नाही. सुरक्षित वाटते, पण मग मालकाला जाब विचारणारा कोणी उरत नाही. १९८९ च्या शेवटच्या दिवसांत निक्केई, म्हणजे टोकियोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक, ३८,९१५ वर गेला, मग फुगा फुटला, बँकांनी बुडीत कर्जं वर्षानुवर्षं झाकून ठेवली, अन् तो आकडा परत ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं! कोणी म्हटलं ना, की शेअर लांबच्या मुदतीत वाढतोच, तर त्याला जपान दाखवा. लोकांनी पैसा बँकेत अन् घरात ठेवला, आजही तिथल्या घरांची जवळपास अर्धी आर्थिक बचत रोख अन् ठेवीत आहे. आता सरकार निसा नावाचं करमुक्त गुंतवणूक खातं वाढवून लोकांना बाहेर काढत आहे अन् टोकियोच्या शेअर बाजारानं मार्च २०२३ मध्ये कंपन्यांना विचारलं, की तुमच्या शेअरचा भाव तुमच्या पुस्तकी मालमत्तेपेक्षा कमी असेल तर त्यावर काय करणार ते लिहून द्या. साधा प्रश्न, पण जपानी कंपन्या त्यामुळे हलल्या.

चीनमध्ये चित्र अजून वेगळं. शांघायचा बाजार परत उघडला तो डिसेंबर १९९० मध्ये, अन् सुरुवातीचं मोठं काम होतं सरकारी कंपन्यांना भांडवल मिळवून देणं. कोणाला शेअर काढू द्यायचे हे लय वर्षं सरकारच ठरवायचं, नोंदणी करून कंपनीनं यावं ही पद्धत २०१९ मध्ये शांघायच्या एका नव्या विभागात सुरू झाली अन् २०२३ मध्ये सगळीकडे लागू झाली. तरी नळाची चावी सरकारच्याच हातात आहे. २०१५ ला बाजार पडला तेव्हा नवे आयपीओ काही महिने बंदच करून टाकले, अन् नोव्हेंबर २०२० मध्ये अँट ग्रुपचा जगातला सगळ्यात मोठा ठरणारा आयपीओ दोन दिवस राहिले असताना थांबवला. तिथं रोजची बरीच उलाढाल साधे लोक करतात, पण आज घेतलेला शेअर आजच विकता येत नाही, उद्यापर्यंत थांबा. अन् पडद्यावर लाल रंग म्हणजे भाव वाढला, हिरवा म्हणजे पडला, आपल्या नेमकं उलटं.

चिनी घराची बचत मात्र शेअरात कमी अन् घरं-फ्लॅटमध्ये जास्त. कारणं सरळ आहेत, बँकेचं व्याज सरकारनं लय वर्षं दाबून ठेवलेलं, शेअर बाजार भरवशाचा नाही, अन् पैसा देशाबाहेर न्यायचा तर माणसी वर्षाला पन्नास हजार डॉलरची मर्यादा. सगळी बचत फ्लॅटमध्ये गेली, बिल्डरांनी वारेमाप कर्ज काढलं, एव्हरग्रँड नावाचा मोठा बिल्डर २०२१ मध्ये थकला अन् जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या कोर्टानं ती कंपनी मोडीत काढायचा हुकूम दिला. आगाऊ पैसे भरलेले लोक अर्धवट इमारतींपुढे उभे राहिले.

आखाती देशांत व्याज धर्मानं मना आहे, म्हणून तिथं सुकूक चालते, त्यात तुम्ही कर्ज देत नाही, एखाद्या इमारतीचा, जहाजाचा वाटा घेता अन् तिचं भाडं मिळवता. याचं सगळ्यात मोठं केंद्र मात्र मलेशिया. सौदीनं आपली तेल कंपनी अरामको डिसेंबर २०१९ मध्ये बाजारात आणली, विकला फक्त दीड टक्का हिस्सा, तरी अडीच हजार कोटी डॉलरच्या वर रक्कम जमा झाली. आफ्रिकेत पश्चिमेकडचे आठ देश मिळून आबिदजान शहरात एकच शेअर बाजार चालवतात, १९९८ पासून, कारण एकेकट्याला परवडत नाही. केनियानं २०१७ मध्ये सरकारी रोखे मोबाइलवर विकले, तीन हजार शिलिंगपासून. बँकेत न जाणाऱ्या माणसापर्यंत सरकारी रोखा नेणं मला लय मोलाचं वाटते.

आता आपलं घर. आपल्या बाजाराच्या जन्मकथेत कापूस आहे अन् त्यात वऱ्हाडचा कापूस आहे, हे शाळेत कोणी सांगत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर आल्या. हिंगणघाटची अन् उमरावतीची, म्हणजे आजच्या अमरावतीची, रुई लिव्हरपूलच्या बाजारात त्याच नावांनी विकली जायची. मुंबईत पैशाचा पूर आला, तो शेअरच्या सट्ट्यात गेला, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला अन् सगळं बसलं, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. वाचलेल्या दलालांनी १८७५ मध्ये संघटना बांधली तीच आजची बीएसई. तेव्हा "अमेरिकेत काही झालं तर आपल्याकडे काऊन पडते" हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे.

आज आपण मधल्या ठिकाणी आहोत. व्यवहाराच्या बाबतीत आपण लय पुढे, हे अभिमानानं सांगतो. १९९२ मध्ये सेबीला, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, कायद्याची ताकद मिळाली, १९९४ ला एनएसई नावाच्या नव्या शेअर बाजारावर कॉम्प्युटरनं सौदे सुरू झाले, १९९६ नंतर शेअर कागदाऐवजी डीमॅट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खात्यात, झाले. जानेवारी २०२३ पासून विकलेल्या शेअरचा पैसा दुसऱ्या दिवशी मिळते, अमेरिकेनं हे मे २०२४ मध्ये केलं अन् युरोपानं ऑक्टोबर २०२७ ची तारीख ठरवली आहे. आयपीओला अर्ज केला तर रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवतात, शेअर लागले तरच कटते, तोपर्यंत व्याजही आपलंच.

पण रोख्यांचा बाजार आपल्याकडे पातळ आहे. रोखे निघतात, ते मोठ्या संस्थांना आतल्या आत विकले जातात, साध्या माणसापर्यंत येतच नाहीत. सेबीनं २०२४ मध्ये अशा रोख्याची किंमत एक लाखावरून दहा हजारापर्यंत आणायची परवानगी दिली, बरं केलं. दाल मिलवाल्याला मात्र अजूनही बँक, पतसंस्था नाहीतर सावकार. लहान कंपन्यांसाठी २०१२ पासून वेगळा एसएमई बाजार आहे, पण तिथं काय झालं तेही पाहा, ऑगस्ट २०२४ मध्ये दोन शोरूम अन् आठ कर्मचारी असलेल्या दिल्लीच्या एका मोटरसायकल डीलरनं बारा कोटी मागितले अन् लोकांनी चार हजार आठशे कोटींचे अर्ज टाकले. कागद वाचला कोणी?

अन् ज्या गोष्टीनं माझा जीव तुटतो ती म्हणजे ऑप्शन, शेअर न घेता त्याचा भाव पुढे चढेल का पडेल यावर लावलेला सौदा. संध्याकाळी पारावर पोरं मोबाइल काढून कॉल-पुटच्या, म्हणजे चढेल-पडेलच्या, गोष्टी करतात, चुकाऱ्याचे पैसे त्यात जातात. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब मांडला, तीन वर्षांत वायदे (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवायचा सौदा) अन् ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ साध्या लोकांचं नुकसान झालं, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. ते पैसे कुठे गेले? एकट्या २०२३-२४ मध्ये दलाल कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांनी जवळपास ३३ हजार कोटी अन् परदेशी फंडांनी २८ हजार कोटी कमावले, बहुतेक कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमनं. अन् यातला एक रुपयाही कोणाच्या दाल मिलमध्ये गेला नाही. हे भांडवल नाहीच, हे भांडवल बाजाराच्या वावरात उगवलेलं तण आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

चांगलं काही आहे का? आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी फंडांनी आपल्याकडून ९४ हजार कोटींचे शेअर विकून पैसा नेला, एवढी विक्री आधी कोणत्याच महिन्यात झाली नव्हती, अन् त्याच महिन्यात देशी फंड अन् विमा कंपन्यांनी एक लाख कोटींच्या वर खरेदी केली. तो पैसा लोकांच्या एसआयपीतून, म्हणजे फंडात दर महिन्याला टाकलेल्या ठरलेल्या हप्त्यातून येतो. बाजार पडला, पण १८६५ सारखा बसला नाही.

बुडाल्यावर कोण भरते, याचा एक सरळ आकडा प्रत्येक देशात असतो, बँक बुडाली तर ठेवीदाराला किती परत. अमेरिकेत अडीच लाख डॉलर, युरोपियन युनियनमध्ये एक लाख युरो, जपानमध्ये एक कोटी येन, चीनमध्ये २०१५ पासून पाच लाख युआन, आपल्याकडे फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये. पण हे आपल्याकडे बँकेला लागू आहे, सहकारी बँकेलाही लागू आहे, पतसंस्थेला नाही! एक-दीड टक्का व्याज जास्त मिळते म्हणून लोक पोरीच्या लग्नाचे पैसे पतसंस्थेत टाकतात. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं शटर बंद झालं तेव्हा म्हाताऱ्या बायका पासबुक घेऊन दारात बसल्या होत्या, अन् "सरकार देईन न भाऊ?" असं विचारत होत्या. तुमची ठेव जिथं आहे तिथं विमा आहे का, हे आजच जाऊन विचारा, अन् तोंडी नाही, लेखी मागा.

आता शेवटची गोष्ट, जी आपल्या पोटाशी आहे, सोयाबीन. वाशिमच्या मार्केट यार्डात हर्रास चालू असते, व्यापारी पोत्यात हात घालते, मूठभर दाणे मशीनमध्ये टाकते, ओलावा पाहते अन् भाव बोलायच्या आधी मोबाइल पाहते. त्या मोबाइलवर शिकागो असते. शिकागोचा धान्य बाजार १८४८ चा, सोयाबीनचा वायदा तिथं १९३६ पासून. तिकडच्या कास्तकाराला गावातला गोदामवाला पेरणीच्या आधीच नोव्हेंबरचा भाव लिहून देऊ शकते, कारण गोदामवाला तोच माल शिकागोत वायद्यात विकून स्वतःची जोखीम पुढे ढकलते. पण एक सौदा पाच हजार बुशेलचा, म्हणजे जवळपास १,३६० क्विंटलचा. आपल्या पाच एकरवाल्याला चांगलं पिकलं तर तीस-चाळीस क्विंटल होते. त्यानं शिकागोसारखं स्वतः खेळावं म्हणणं शुद्ध अन्याय आहे.

आपल्याकडे सोयाबीनचा वायदा होता, तो डिसेंबर २०२१ मध्ये चणा, गहू, मोहरी यांच्याबरोबर थांबवला गेला, महागाई आवरायला, अन् मुदत वाढत गेली. ज्या कास्तकारांनी शेतकरी उत्पादक कंपनी काढून सामूहिक विक्री सुरू केली होती त्यांच्या हातातून पुढच्या महिन्यांचा भाव दाखवणारा फलकच काढून घेतला. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता अन् यार्डात चार हजारांच्या आसपास सोयाबीन जात होतं. वायदा असता तर भाव वाढला असता असं मी म्हणत नाही, खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, भाव तिकडून ठरतो. पण पेरतानाच कळलं असतं की काढणीला काय येऊ शकते, अन् कोणी दोन एकर तूर जास्त लावली असती.

चीननं यात एक मधली वाट काढली ती मला लय पटते. दालियन शहरात १९९३ पासून त्यांचा वायदे बाजार आहे. तिथं कास्तकाराला वायद्यात उतरवत नाहीत. विमा कंपनी त्याला भावाचा विमा देते, ठरलेल्या भावाच्या खाली गेलं तर फरक भरून देते, हप्त्यात सरकार अन् बाजारही वाटा उचलते, अन् विमा कंपनी स्वतःची जोखीम दालियनच्या बाजारात उतरवते. कास्तकाराच्या हातात फक्त पॉलिसीचा कागद. आपल्याकडे पीक विमा आहे, पण तो पिकाच्या नुकसानीचा, भावाच्या नुकसानीचा नाही. सोयाबीनचा वायदा परत सुरू करा म्हणून निवेदनं जातात, ती जाऊ द्या, पण त्यात ही ओळ टाका, की वायदा सुरू करताना सोबत भावाचा विमाही द्या अन् तो उत्पादक कंपनीमार्फत द्या, एकट्या कास्तकाराच्या मोबाइलवर नको.